गोडसे भटजी आणि रात्रीचे नऊ

बेंगळुरू,
शनिवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. बाबा परवा म्हणाले ना, "पुढची पुस्तकं कोणती ते एकदा कागदावर लिहून पाठव, फोनवर ऐकलेलं डोक्यात राहत नाही." म्हणून हा खटाटोप. अक्षर मुद्दाम मोठं छापलंय. तरी बाबांनी डोळे ताणायचे नाहीत. डोळ्यातले थेंब चालू आहेत तोवर आईनंच वाचून दाखवायचं. (आई, तुझाही चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय, मला माहीत आहे.)

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाबांचं वाचन बंद पडलं, तेव्हा रोज रात्री नऊला फोनवर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास', म्हणजे १८५७ च्या बंडाच्या धामधुमीतल्या त्यांच्या प्रवासाची हकिगत, वाचून दाखवायचं मी ठरवलं, ते खरं तर बाबांची चिडचिड थांबावी म्हणून. आठवडाभरात कंटाळतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. आता नऊला पाच कमी असताना माझंच लक्ष घड्याळाकडे जातं.

आणि आईची गंमत. "मला नाही बाई त्या लढाया ऐकायच्या," म्हणून ती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात गेली. मी वाचत होते ते पान आठवतंय? कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघालेत, मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार म्हणून चांगली दक्षिणा मिळेल अशी आशा आहे, आणि वडील काही सोडायला तयार नाहीत. तिकडचे लोक भांग पितात, बायका मायावी असतात, पोरगा परत यायचा नाही, हीच भीती. तेवढ्यात भांड्यांचा आवाज थांबला आणि आतून आई म्हणाली, "ही बेंगळूरला निघाली तेव्हा ह्यांनी तरी दुसरं काय सांगितलं होतं?" मला पुढचं वाक्य वाचताच येईना. बाबा मात्र हूं की चूं नाही.

त्या दिवसापासून फोन स्पीकरवर असतो आणि आईची निवडायची भाजी बाहेरच्या खोलीत येते, हे मला न सांगताही कळतं. शेंगा मोडल्याचा आवाज येतो.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की ही भाषा गोडसे भटजींची की संपादक चिं. वि. वैद्यांची. तर आपल्याकडची प्रत वैद्यांच्या हातची आहे. चिं. वि. वैद्यांनीच भटजींच्या मागे लागून त्यांच्याकडून हे लिहून घेतलं, पण इंग्रज सरकारचा काळ, म्हणून छापलं ते भटजी गेल्यावर, १९०७ साली, आणि तेही बरीच काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वेगळी आवृत्ती काढली. ती मी इथल्या एका मित्राकडून मिळवलीय. दिवाळीला घेऊन येते. मग दोन्ही शेजारी ठेवून तुम्ही खुशाल भिंग लावून बसा.

झाशीचा भाग आपण वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या टीममध्ये एक मुलगा झाशीचा आहे. जेवताना मी त्याला सांगितलं की आमच्या कोकणातला एक भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात तुमच्या गावात अडकला होता आणि त्यानं सगळं लिहून ठेवलंय. माणसं कशी मारली, घरं कशी लुटली, आणि राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली. राणीची गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आलाय, पण पुस्तकांचं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. डबा तसाच ठेवून ऐकत बसला. संध्याकाळी त्याचा मेसेज, की आजीला फोन करून सांगितलं. मी त्याला काही वाच म्हणून सांगितलंच नव्हतं. आता तोच विचारतोय, हिंदीत आहे का.

यावरून आपल्या घरातला जुना वाद आठवला. बाबांची पद्धत म्हणजे एक पुस्तक आवडलं की साऱ्या गावाला तेच. 'एक होता कार्व्हर'च्या किती प्रती गेल्या आपल्या घरातून? दातांच्या डॉक्टरांना एक, गॅसवाल्याच्या मुलाला एक, माझ्या साखरपुड्यात व्याह्यांना एक. परत एकही आली नाही, आणि बाबांना त्याचाच आनंद. मी त्यांच्यावर गेले. आईच्या साठीला मी ती जाडजूड कादंबरी आणली होती ना, "हे तुला वाचायलाच हवं" असं वर बजावून? मागच्या मे महिन्यात कपाट आवरताना सापडली. बाविसाव्या पानात वाणसामानाची यादी. तूरडाळ दोन किलो, हिंग, समईच्या वाती. त्या दिवशी मला राग आला होता, आई. तुला न विचारता माझ्या आवडीचं पुस्तक तुझ्या गळ्यात मारलं, हे लक्षात यायला मला एवढे दिवस लागले.

तू मात्र असं कधी केलं नाहीस. मी बारावीत नापास होईन म्हणून रडत बसले होते तेव्हा तू लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' उघडून माझ्या पुढ्यात ठेवलंस आणि म्हणालीस, "एवढी चार पानं वाच, तोवर मी चहा ठेवते." बाकी एक शब्द नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, धान्यसुद्धा धुऊन घ्यायचं! मी हसायला लागले, चहा गार झाला. ते पुस्तक चांगलं आहे, थोर आहे, असं तू आजवर म्हणाली नाहीस.

म्हणून यादी करायला बसले आणि अडले. बाबांसाठी दोन नावं लिहिते: इरावती कर्व्यांचं 'युगान्त' (भांडायला भरपूर जागा आहे, विशेषतः भीष्मावर) आणि व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी', कारण ते लहान आहे आणि एका बैठकीत होतं. तुम्ही दोन्ही वाचलीत हे मला ठाऊक आहे. पण मला फोनवर वाचायची आहेत.

आईसाठी यादी नाही. तिनंच सांगावं.

गोडसे भटजींची आता शेवटची थोडी पानं उरलीत. कमावलेलं बहुतेक लुटलं गेलंय, आणि हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईची वाट चालतोय, आई-वडिलांना स्नान घालायला. तो भाग मी काल रात्री एकटीनं पुढे वाचून टाकला, कबूल करते. तुमच्यासमोर पहिल्यांदा वाचताना आवाज लागला नसता.

ते झालं की मी वाचणार नाही. आई, 'स्मृतिचित्रे' खालच्या फळीवर, पंचांगांच्या मागे आहे. चार पानं तू वाचायची, मी इकडे चहा ठेवते. मंगळवारी नऊला फोन करते. बाबा, तुम्ही उचललात तर मध्ये बोलू नका, तिच्याकडे द्या.

तुमची,
ताई

ता. क. थेंब दिवसातून चार वेळा, तीन नव्हे. मी चिठ्ठी पुन्हा बघितली.