एकच चौकट सगळ्या विषाणूंना कशी पुरेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साथीची बातमी आली की तिच्याखाली 'काय काळजी घ्याल?' अशी चौकट हटकून असते. साथ फ्लूची असो, उलट्या-जुलाबांची असो की डोळे येण्याची, चौकटीतला मजकूर बहुधा तोच: सॅनिटायझर वापरा, मास्क लावा, गर्दीत जाऊ नका. फ्लूला हे लागू पडते. उलट्या-जुलाबांच्या साथीत मात्र यातले पहिले वाक्य वाचकाला खोटा धीर देते. विषाणू सगळे एका घडणीचे नसतात, म्हणून त्यांच्यावरचा उपायही एक नसतो.

ही घडण समजायला अवघड नाही. आनुवंशिक मजकूर, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, आणि त्याभोवती प्रथिनांचे कवच, एवढ्यावर पुष्कळ विषाणूंचे भागते. काहींच्या कवचावर मेदाचे पातळ आवरण असते. पेशीतून बाहेर पडताना विषाणू ते पेशीच्याच पटलातून अंगाभोवती गुंडाळून घेतो. फ्लू, करोना, गोवर, कांजिण्या, डेंग्यू, एचआयव्ही आणि रेबीज हे आवरणवाले. उलट्या-जुलाबांचे नोरो आणि रोटा, पोलिओ, साध्या सर्दीचा ऱ्हायनो आणि डोळे आणणारा ॲडिनो हे बिनआवरणाचे. अंगावर जादा पदर असलेला विषाणू अधिक चिवट असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. पेशीला चिकटण्याचे काटे त्या मेदाच्या आवरणातच रोवलेले असतात. साबणाने किंवा अल्कोहोलने मेद विस्कटला की काटे निकामी होतात आणि विषाणूला पेशीत शिरायची वाटच उरत नाही.

बिनआवरणाच्या विषाणूकडे विस्कटण्यासारखा मेदच नसतो. त्याच्या कवचावर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. रोटावर ते बऱ्यापैकी चालते, नोरो आणि पोलिओवर फारच कमी. नोरोला साबणही मारत नाही, पण हातावरून सोडवतो आणि वाहते पाणी त्याला घेऊन जाते. म्हणून निदान २० सेकंद चोळणे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांखालची जागा न विसरणे आणि वाहत्या पाण्याखालीच हात धुणे याला महत्त्व आहे. सॅनिटायझरमध्ये हा धुऊन जाण्याचा भागच नाही. हातावर जे होते ते हातावरच वाळते.

बाटलीवरच्या '९९.९ टक्के' या आकड्याचा हिशेबही एकदा करून पाहावा. नोरोच्या रुग्णाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी कण असतात, आणि आजारी पडायला शंभराहून कमी कण पुरतात. एका अब्जातले ९९.९ टक्के गेले तरी दहा लाख उरतात. (आवरणवाल्यांसाठी सॅनिटायझर उत्तमच आहे, फक्त त्यात अल्कोहोल ६० ते ८० टक्के हवे. शुद्ध अल्कोहोल अधिक चांगले हा गैरसमज आहे. प्रथिनांची घडी मोडायला थोडे पाणी लागतेच.)

मग उलटी झालेली जागा कशाने पुसायची? हातमोजे घालून आधी उलटी कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने टिपून घ्यावी आणि पिशवीत बांधून टाकावी. झाडू मारू नये, जोराने पाणी ओतू नये, कारण तुषार उडतात आणि ते तोंडात गेले तरी लागण होते. त्यानंतर ब्लीच. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिले असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर घातले की साधारण ०.१ टक्क्याचे द्रावण होते. उलटी-विष्ठेच्या जागेला याहून तीव्र, म्हणजे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ०.५ टक्क्याचे द्रावण वापरावे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे. घाण न टिपता वरून ब्लीच ओतले तर क्लोरीन घाणीशीच झगडण्यात संपतो आणि विषाणू खाली सुखरूप राहतो. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू निघतो आणि फुप्फुसांना इजा होते.

आवरणाच्या नियमाला अपवाद आहेत. हिपॅटायटिस बी आवरणवाला असूनही वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो. रक्ताचा डाग जुना आहे म्हणून निर्धोक समजणे चुकीचे, ते यासाठी.

दुसरी तक्रार औषधांविषयीच्या मजकुराची. 'विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत' एवढे छापले जाते, का ते नाही. जिवाणूला स्वतःची पेशीभित्ती असते, प्रथिने बनवणारे स्वतःचे रायबोसोम असतात आणि बहुतेक प्रतिजैविके त्यांवरच घाव घालतात. विषाणूकडे यातले काहीच नसते, तो सगळे काम आपल्या पेशीच्या यंत्रणेवर उरकतो. फ्लूचेच पाहा. त्याचा हिमॅग्लुटिनिन नावाचा काटा श्वसनमार्गाच्या पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतो आणि पेशी त्याला पिशवीत घालून आत ओढते. पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते. खरे तर पेशीची ती नेहमीची पचनाची तयारी, पण त्याच आम्लाने काट्याची घडी उलगडते आणि विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलात मिसळून जाते. आरएनएचे आठ तुकडे सुटतात आणि पेशीकेंद्रकात पोचतात. तिथे विषाणू प्रथिने बनवण्याच्या पेशीच्या संदेशांची टोके कापून आपल्या संदेशांना जोडतो, आणि पेशीचे रायबोसोम फसतात. नवे कण तयार होऊन बाहेर निघताना पुन्हा त्याच सायलिक आम्लाला चिकटून बसतात. त्यांना सोडवायला विषाणूजवळ न्युरॅमिनिडेज नावाची कात्री असते. ओसेल्टामिविर ही गोळी ती कात्री निकामी करते.

या एका फेरीला सहा-आठ तास लागतात. दोन दिवसांत सहा-आठ फेऱ्या होऊन गेलेल्या असतात, तोवर बहुतेक नुकसान झालेले असते. गोळीचा खरा फायदा लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत का मिळतो, हे यावरून कळावे. तब्येत गंभीर असेल तर डॉक्टर ती नंतरही देतात, तो निर्णय त्यांचा.

रोग म्हणजे प्रत्येक वेळी विषाणूने केलेली मोडतोडच असेही नाही. ऱ्हायनो नाकातल्या पेशींचे फारसे काही बिघडवत नाही. नाक चोंदणे, वाहणे हे बहुतांशी आपल्याच प्रतिकाराचे काम. रोटा मात्र लहान आतड्यातली शोषण करणारी पेशीच मारतो, शिवाय त्याचे एक प्रथिन आतड्याला उलट पाणी सोडायला लावते. मूल दगावते ते पाणी आणि क्षार गेल्याने. तिथे जुलाब थांबवणाऱ्या गोळीपेक्षा ओआरएस मोलाचे, आणि तेही मापात: पाकीट एक लिटरचे असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये कालवले तर साखर-मिठाचे प्रमाण वाढून आतड्यात आणखी पाणी ओढले जाते. गोवराचा विषाणू जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींवरच हल्ला करतो, म्हणून पुरळ गेल्यावरही मूल कित्येक महिने इतर आजारांना सहज बळी पडते. 'गोवर काय, सगळ्यांनाच होऊन जातो' असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

डेंग्यूच्या बातमीखाली मास्क आणि सॅनिटायझर छापणे तर निव्वळ विनोद आहे. तो डासाच्या चाव्यातून येतो, शिंकेतून नाही. त्या चौकटीत लिहायला हवे ते वेगळेच: ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपू लागण्याचा धोका सुरू होतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांतले काही दिसले तर ताप नसला तरी रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. तापावर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

संसर्ग कोणत्या दिवसांत पसरतो, हे चौकटीत जवळजवळ कधीच नसते, आणि घरच्यांना नेमके तेच हवे असते. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवतो. गोवराचा पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. कांजिण्यांचा पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. नोरोचा रुग्ण बरा झाला तरी त्याने पुढचे निदान ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये. विष्ठेतून विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ जात राहतो. चार ओळींत मावणारी ही माहिती आहे.

आणि जिथे साबण खरोखर जीव वाचवतो, त्या बातमीखाली त्याचा उल्लेख सापडत नाही. रेबीजचा विषाणू आवरणवाला आहे. कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटे धुतली तर तिथले बरेच विषाणू चेतातंतूंत शिरण्याआधीच निकामी होतात. हळद, तिखट, चुना काही लावू नये. धुतल्यावर पोव्हिडोन-आयोडीन लावावे, आणि त्याच दिवशी लस. जखम खोल असेल, चेहऱ्यावर किंवा डोक्यावर असेल, किंवा कातडीतून रक्त आले असेल तर जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, हेही द्यावे लागते. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र हाती काही उरत नाही.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक