छायाचित्राखाली स्थळ, तारीख व नाव हवे

संपादक महोदय,

एप्रिल 2021 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी दिल्लीच्या स्मशानभूमीत एकाच वेळी पेटलेल्या चितांची जी छायाचित्रे टिपली, त्यांवर दुःखाचा बाजार मांडल्याची टीका झाली. परंतु ती नसती, तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची भीषणता आकड्यांच्या वादातच विरून गेली असती. त्याच वर्षी 16 जुलैला स्पिन बोल्डक येथे अफगाण सैन्यासोबत वार्तांकन करताना ते मारले गेले, आणि 2022 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांना मरणोत्तर पुलित्झर हे पत्रकारितेचे पारितोषिक मिळाले. संघर्ष केवळ रणभूमीवर नसतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे टिपणारे छायाचित्रकार सुधारक ओलवे (पद्मश्री, 2016) यांचे काम मला त्याच तोलाचे वाटते, कारण गटारात उतरणाऱ्या माणसाची बातमी सहसा तो मेल्यावरच होते. असे असताना अनेक वृत्तपत्रे मात्र ‘संग्रहित छायाचित्र’ एवढ्या दोन शब्दांवर वेळ मारून नेतात. समाजमाध्यमांवर जुन्या दंगलींची दृश्ये आजची म्हणून फिरवली जात असताना, निदान छापील छायाचित्राखाली तरी स्थळ, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव द्यावे, ही विनंती.

– एक वृत्तछायाचित्रकार, पुणे