बाबा, गॅरेजमधल्या कॉलमबद्दल

प्रिय बाबा, सा.न.

आईने फोनवर "तिकडे जाऊन हातभट्टी लावलीस म्हणे" हे इतक्या जोरात विचारलं की अर्ध्या दांडिया बाजाराला कळलं असणार. म्हणून म्हटलं तुम्हालाच सविस्तर लिहावं, घरात हे समजणारा माणूस एकच, आणि तो कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालाय.

आधी कायद्याचं सांगतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे, फक्त विकायची नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियात लायसन्सशिवाय चालत नाही. इथे यीस्ट, बॉयलर, कॉलम सगळं दुकानात उघड मिळतं, पण आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, तब्येतीचं परमिट काढून बाटली घेणारे काका लोक बघत मोठा झालेला माणूस मी, तिथे शिरताना आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना बघतो.

आता तुमच्या कामाचं. सहा किलो साखर, यीस्ट आणि पाणी मिळून २५ लिटर, आठवडाभर आंबवलं की साधारण १४ टक्के अल्कोहोल होतं, ते बॉयलरमध्ये घालून वर दोन इंची कॉलम, म्हणजे वाफ चढायची उभी नळी. तिच्या आत भरायचं पॅकिंग काय असेल? स्टीलची भांडी घासायची घासणी! इथे बरेच जण तीच भरतात आणि मस्त चालते. तुमच्याकडे नॅफ्था, केरोसीन, डिझेल एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवरून निघायचं, माझ्याकडे एकाच नळीतून एकामागून एक येतं, म्हणजे तुमचं उंचीवर ठरायचं ते माझं वेळेवर ठरतं. आणि खरी मजा तिथेच आहे, पिण्यात नाही. जॅमच्या छोट्या बरण्यांना नंबर लावून थोडं थोडं भरायचं, रात्रभर फडक्याने झाकून ठेवायचं आणि सकाळी एकेक हुंगायची. सुरवातीच्यांना नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, शेवटच्यांना भिजलेल्या पुठ्ठ्याचा. मधल्या तेवढ्या ठेवायच्या. थर्मामीटर ७८ दाखवतोय म्हणून सगळं चांगलं असं नसतं, शेवटी नाकच ठरवतं.

इथे शरद ऋतूत फिजोआ नावाचं फळ येतं, आपल्या पेरूच्या जवळपासचा वास, आणि इतकं पिकतं की शेजारी पिशव्या भरून दारात ठेवून जातात. त्याची ब्रँडी साध्या पॉट स्टिलमध्ये (नुसतं भांडं आणि नळी, कॉलम नाही) करतो कारण कॉलममध्ये वासच निघून जातो. जिनला जुनिपरबरोबर धने लागतात, हे ऐकून आई हसेल.

आईला सगळ्यात मोठी भीती आंधळं होण्याची आहे. तिला सांगा, २०२२ ला गुजरातेत बोटादकडे लठ्ठाकांड (विषारी दारूचं प्रकरण) झालं त्यात लोक जे प्यायले ते गाळलेलं नव्हतंच, फॅक्टरीतलं मिथेनॉल पाण्यात मिसळून विकलेलं होतं. साखरेच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या पाण्यात, मिथेनॉल जवळजवळ बनतच नाही, फळात पेक्टिन असतं त्यामुळे थोडं बनतं, पण तेही मापातलं, आणि सुरवातीची धार मी ओतूनच देतो. खरी भीती आगीची. म्हणून गॅस नाही, इलेक्ट्रिक हीटर, दार उघडं, कंडेन्सरचं पाणी चालू आणि मी तिथून हलत नाही, जेवायचं ताटसुद्धा गॅरेजमध्येच येतं (सूनबाईंची यावर मतं आहेत, ती त्या स्वतः सांगतील).

पितो किती हे विचारू नका, ४० टक्क्यांवर आणलेली एक बाटली आम्हाला खूप दिवस पुरते, बाकीच्या बाटल्या मित्रांकडे जातात.

आता मुद्द्याचं. हीट थोडी वाढवली की कॉलममध्ये गुडगुड सुरू होते आणि मग वरून भसकन पाणचट माल येतो. हे तुमचं फ्लडिंगच ना, वर चढणारी वाफ खाली येणाऱ्या द्रवाला अडवते ते? मला वाटतं घासणी जास्त ठासली गेलीय, पण सगळी काढून परत भरायच्या आधी तुमचं मत हवंय. पॅकिंग कमी करू की हीट? ड्रॉइंग काढून व्हॉट्सअॅपवर फोटो टाका, शनिवारी परत चालवणार आहे.

तुमचा,
मन्या