मॅडम, म्हातारी दोन दिवस भोपळ्यातच होती

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,

मॅडम नमस्कार, माझा धाकटा साडेचार वर्षांचा आहे, गावच्या अंगणवाडीत जातो. मागच्या आठवड्यात ताई भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगत होत्या, वाघाने नुकतंच भोपळ्याला अडवलं होतं आणि तेवढ्यात टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं न्यायला एक बाई आली. मग मोबाईल काढा, तिचा चेहरा स्कॅन करा, रेंज नाही, दारात जा, परत करा... गोष्ट राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी मीटिंग.

रात्री पोरगा मला विचारतो, आई म्हातारीला आत भूक लागली असेल ना गं? मी म्हटलं असेल. तर म्हणे ती बिया खाते आणि आतून खरवडून खरवडून खिडकी करते, मग वाघ दिसला की खाली बसते. हे त्याला कोणी शिकवलं नाही हो. म्हातारीच्या जागी स्वतःला ठेवणं, पुढे काय होईल ते जुळवणं, ते सलग चार वाक्यांत सांगणं, हे सगळं एका अर्धवट गोष्टीतून आलं. पूर्ण झाली असती तर! पण पोषण ट्रॅकरवर (ताई ज्यात नोंदी भरतात त्या सरकारी ॲपवर) याचा रकाना नाही, वजन-उंचीचा आहे, हजेरीचा आहे. वजन घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, कुपोषण काय असतं ते आम्ही बघितलंय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत (आताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मुलं बालवाडीत येईनात म्हणून त्या वस्तीतल्या अंगणातच बालवाडी घेऊन गेल्या, अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे मूल जिथे असेल तिथे आपण जायचं. आता ताई मुलांसमोरच बसलेल्या असतात आणि लक्ष स्क्रीनवर. त्यांचा दोष नाही, एंट्री राहिली की बोलणी त्यांनाच खावी लागतात. (पालक पण कमी नाहीत, तीन वर्षांच्या पोराला एबीसीडी लिहिता आली पाहिजे म्हणून ताईंच्या मागे लागणारे आमच्यातलेच आहेत.)

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टी, गाणी, खेळ सगळं लिहिलंय, कागदावर काही कमी नाही. मला एवढंच पाहिजे की रोज अर्धा तास ताईंच्या हातात मोबाईल नसेल असं लेखी काढा. त्या अर्ध्या तासात एंट्री नाही, टीएचआर वाटप नाही, आणि प्लीज 'गोष्टीचा तास' म्हणून फोटो अपलोड करायला लावू नका. गोष्ट मुलांच्या घरच्या बोलीत चालेल असंही त्यातच लिहा, आणि पाड्यावरच्या एखाद्या आजीला बोलवायची मुभा द्या, तिला मानधन दिलंत तर उत्तमच.

आणि हो, आमच्या ताईंना यावरून नोटीस नको. शुक्रवारी मीच त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि बाहेर पायरीवर धरून बसले, तेव्हा कुठे म्हातारी लेकीकडून घरी पोचली.

एका अंगणवाडीतल्या मुलाची आई