बायपासला उतरताना

सातारा

चि. ताई हिस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी तुला जे बोललो ते बोलण्याचे मनात नव्हते, आणि ‘एवढे शिकून गाडीत झोप लागते कशी’ हे वाक्य तर माझ्या तोंडी शोभणारेही नव्हते. तू फोन ठेवल्यापासून तुझी आई माझ्याशी बोललेली नाही, पण म्हणून हे पत्र लिहितो आहे असे समजू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर तो चढत नाही, एवढेच.

पॅरिसच्या मैत्रिणीकडेच आणखी एक रात्र राहिले, असे तू आईला सांगितलेस. पण आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले असताना, म्हणजे तुमच्याकडे अकरा वाजता, तू दादाला जो फोटो पाठवलास त्यात मागे फलाटाची पाटी होती आणि तिच्यावर प्वातिए लिहिलेले होते. तेहतीस वर्षे एसटीत काढलेल्या माणसाच्या नजरेतून पाटी सुटत नाही. तू गेलीस त्याच दिवशी मी जुन्या कालनिर्णयाच्या पाठीवर तुझा मार्ग मांडून ठेवला आहे: पॅरिसचे मोंपार्नास स्टेशन, मग सँ-पिएर-दे-कोर आणि तेथून तुझे शिकण्याचे गाव तूर. प्वातिए त्याच्याही पुढे शंभर किलोमीटरवर आहे. कोल्हापूरहून बसलेल्या साताऱ्याच्या उतारूने डोळे उघडावेत ते थेट स्वारगेटला, तसे हे झाले.

तूरचे स्टेशन हे रुळांचे शेवटचे टोक आहे, आत शिरलेल्या गाडीला उलटे फिरूनच बाहेर पडावे लागते, म्हणून बोर्दोकडे जाणारी वेगवान गाडी गावात न शिरता सँ-पिएर-दे-कोरला उतारू सोडते आणि तेथून पाच-सात मिनिटांच्या जोडगाडीने गाव गाठावे लागते, हे तू मला समजावून सांगितलेस तेव्हा मी किती हसलो होतो! ‘गाडी गावात जाणार नाही, बायपासला उतरावे लागेल,’ हे वाक्य मी चौकशीच्या खिडकीतून किती हजार वेळा बोललो असेन. मात्र बायपासला उतरणाऱ्याने जागे राहायचे असते. तेथे गाडी फार वेळ उभी राहत नाही, आणि ताशी तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत घंटीची दोरी ओढण्याची सोय नसते. त्यातून ती रात्रीची असली, म्हणजे परतीची गाडी सकाळीच.

हे पुन्हा व्याख्यान झाले. माफ कर.

खरे तर मला तुझे कौतुक वाटले होते आणि तेच सांगायचे राहिले. रात्री स्टेशन बंद करतात, आपल्या स्टँडसारखे बाकावर पडून राहता येत नाही, हे कळल्यावर तू तेथल्या कर्मचाऱ्याला सगळी हकीकत फ्रेंचमध्ये सांगितलीस, तीही ‘तू’ न म्हणता ‘तुम्ही’ म्हणून, आणि तो समोरच्या लॉजच्या दारापर्यंत सोबत आला, हे दादाने सांगितले तेव्हा मी उठून अंगणात गेलो. तूरच्या बाजूचे फ्रेंच सर्वांत शुद्ध समजतात असे तू लिहिले होतेस. (पुण्याची मंडळी मराठीबद्दल असेच म्हणतात आणि आपण साताऱ्याची माणसे ते ऐकून घेतो.) 1912 पासून परदेशी मुलांना भाषा शिकवत आलेल्या संस्थेत तू बसतेस, याचा मला जो अभिमान आहे तो मी स्टँडवरच्या चहावाल्यापाशी व्यक्त करतो, तुझ्यापाशी करत नाही. हा माझा दोष आहे.

गाडीचा क्रमांक ऐकताना अजून गोंधळ होतो, ऐंशीला ते ‘चार वीस’ म्हणतात आणि नव्व्याण्णवला ‘चार वीस एकोणीस’, अशी तुझी तक्रार होती. आक्का आंबे कसे मोजत असे ते आठव. तिला ऐंशी हा शब्दच नको असे. ‘चार इसा झालं, वर एकोनीस,’ असे म्हणून ती पाटी सरकवत असे. तुझ्या वर्गातल्या कोणाची आजी फ्रेंच पद्धतीने मोजत नसेल, तुझी मोजत होती. तेव्हा घोषणा ऐकताना आक्काला कानाशी धर, म्हणजे गाडी चुकणार नाही. बघ, मी पुन्हा गाडीवर आलो.

मी का येतो ते आज लिहूनच टाकतो. 1998 च्या पावसाळ्यात, मी कंट्रोलरच्या खुर्चीवर नवा होतो तेव्हा, कॉलेजातली एक मुलगी धावत खिडकीशी आली. तिच्या गावची मुक्कामी गाडी दहा मिनिटांपूर्वी सुटली होती. मी वही पाहिली आणि ‘आता सकाळी साडेसहाला’ असे सांगितले, जसे सगळ्यांना सांगतो तसेच. माझी ड्यूटी संपली, मी सायकल काढली आणि घरी आलो, तू पाळण्यात झोपली होतीस. सकाळी मी मुद्दाम साडेसहाच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो, ती आली नाही. तिने ती रात्र कोठे काढली हे मला आजतागायत ठाऊक नाही. प्वातिएच्या माणसाने जे केले ते मी केले नव्हते, ताई. काल मी ओरडलो तो तुझ्यावर नव्हे, असे म्हणणे खोटे ठरेल, पण सगळा तुझ्यावर नव्हता.

आता सुटीत तू मैत्रिणीच्या घरी ल्योंला जाणार आहेस, तर जरूर जा. ती मैत्रीण आपल्या घरी दीड महिना राहून पिठले-भाकरी खाऊन गेली आहे, तिच्या आईवडिलांना भेटणे हे आपले कर्तव्यच आहे. पॅरिस ते ल्यों दोन तासांचा प्रवास. 1981 मध्ये त्यांची पहिली वेगवान गाडी याच मार्गावर सुरू झाली तेव्हा मी दहावीत होतो. फक्त मोंपार्नासला उतरून गार द ल्यों या पॅरिसच्याच दुसऱ्या स्टेशनावर पोहोचण्यास मेट्रोचा वेळ हाताशी ठेव. स्वारगेटला उतरून शिवाजीनगरहून नाशिकची गाडी धरण्यासारखेच ते आहे, आणि तेथे गाडीची दारे सुटण्याआधी दोन मिनिटे बंद होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे तासभर मागे जातील. तेव्हापासून आपल्यातले अंतर साडेतीनचे साडेचार तास होईल हे मी आईला सांगून ठेवले आहे. तिच्या मते दिवाळीच्या दिवसांत कोणाकडे जाताना शेवंती न्यावी. ती नेऊ नकोस, एक नोव्हेंबरला तेथे शेवंती थडग्यांवर वाहतात असे तूच सांगितले होतेस. चकलीचे पार्सल निघाले आहे, ते ने.

परतीसाठी दुपारची गाडी बघ. रात्रीचीच मिळाली तर शेजारच्या माणसाला आधी सांगून ठेव की मला सँ-पिएर-दे-कोरला उतरायचे आहे, झोप लागली तर उठवा. हे वाक्य फ्रेंचमध्ये कसे म्हणतात ते मला देवनागरीत लिहून पाठव. कालनिर्णयावर त्या स्टेशनाच्या नावापुढे मी जागा सोडली आहे.

तुझे,
अण्णा