पेन्सिल पुढे करणाऱ्या मावशींना

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

एकमेकींची नावं विचारण्याइतकी शांतता कॅन्सस विद्यापीठाच्या (केयूच्या) बास्केटबॉल मैदानात, ॲलन फील्डहाऊसमध्ये, मिळत नाही, त्यामुळे पाकिटावर काय लिहायचं हा प्रश्नच आहे. लॉरेन्स, कॅन्सस. नोव्हेंबर, मोसमाचे अगदी सुरुवातीचे दिवस. वरच्या बाजूचा बाक. निळा स्वेटर ही खूण सांगून उपयोग नाही, तिथे सगळेच निळे. पण मांडीवर वही ठेवून प्रत्येक बास्केट आणि प्रत्येक फाउल पेन्सिलीने टिपणाऱ्या आमच्या ओळीत तुम्ही एकट्याच होतात. कॅन्सस सिटीच्या आजूबाजूला मराठी घरं बरीच आहेत. त्यांतलं एखादं तुमच्या शेजारी असेल आणि कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल, या भरवशावर लिहिते आहे.

तुमच्या शेजारी बसले होते ते माझे बाबा. हिवाळ्यापुरते माझ्याकडे आलेत. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे जवळजवळ येतच नाही. दोन्ही कानांत यंत्रं आहेत. आणि आम्ही गेलो कुठे, तर जिथे 2017 च्या फेब्रुवारीत प्रेक्षकांनी 130.4 डेसिबलचा आवाज काढून बंदिस्त मैदानातल्या आरडाओरड्याचा गिनेस विक्रम केला तिथे! ज्यांच्या नावाचं हे मैदान, त्या प्रशिक्षक ॲलन यांना ‘फॉग’ हे नावच मुळी ‘फॉगहॉर्न’सारख्या, म्हणजे धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारख्या आवाजावरून पडलेलं. विद्यार्थ्यांनी पहिली आरोळी ठोकली तशी बाबांची यंत्रं किंचाळायला लागली. त्यांनी ती काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हात बांधून बसले. ते हात बांधणं मला चांगलंच ओळखीचं आहे. आता सगळं आपल्याशिवाय चालणार, हे मान्य केल्यावर ते तसे बसतात.

तुम्ही ते पाहिलंत. पहिल्या फाउलला शिट्टी वाजली तेव्हा त्यांच्या बाहीला हलकेच हात लावलात आणि वही त्यांच्याकडे तिरकी केलीत. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुणाचा फाउल, कशासाठी, त्याचा कितवा. पुढच्या शिट्टीला पुन्हा तेच. हे एवढंच केलं असतंत तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

पण मग तुम्ही एक ओळ लिहिलीत, ‘कधी खेळलात का?’ आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत.

मावशी, बाबांना लिहून दाखवणारे पुष्कळ भेटतात. कानाशी ओरडणारे तर घरोघरी आहेत. त्यांच्याकडून उत्तर हवंय असं समजून पेन्सिल पुढे करणारं माणूस माझ्या पाहण्यात नव्हतं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरातल्या भल्यामोठ्या अरीनात मी मदत कक्षावर विचारलं होतं, की घोषणा लेखी दिसतील अशी काही सोय आहे का. तिथला तरुण बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘यांना खेळ कळतो का?’ वर व्हीलचेअर हवी का तेही विचारलं. बाबा रोज तासभर चालतात. आमच्या काही नातेवाइकांचं मत तर असं, की ऐकू येत नसलेल्या माणसाने तिकिटाचे पैसे वाया कशाला घालवावेत. त्यांना हे पत्र मुद्दाम पाठवणार आहे.

तर बाबांनी चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूची आपली जागा लिहिली, ‘गार्ड. नागपाडा, बॉम्बे.’ तुम्ही विचारलंत, ‘उंची?’ त्यांनी लिहिलं, ‘पाच फूट चार.’ तुम्ही: ‘तरीही?’ ते: ‘म्हणूनच.’

नागपाडा तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्तीतला हा भाग, पण तिथल्या पोरांनी बास्केटबॉल असा काही आपलासा केला की भारताचे कर्णधार आणि 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसर त्याच भागातले. हे सगळं बाबांनी तुम्हाला अर्ध्या पानात लिहून दिलं. तुम्ही मान हलवत वाचलंत आणि तेवढ्यात झालेले दोन गुण टिपायचे राहिले ते मागच्या माणसाला विचारून भरलेत.

खेळ म्हणाल तर नोव्हेंबरातला होता. निम्मी मुलं दुसऱ्या कॉलेजांतून नुकती बदलून आलेली, नेहमीचे प्रेक्षकसुद्धा आकडे बघून नावं शोधत होते. समोरचा संघ छोट्या कॉलेजचा. असे संघ मानधन घेऊन मोठ्यांच्या घरी हरायला येतात, हे तुम्हीच लिहून सांगितलंत. पण पंचवीस गुणांनी मागे असतानाही त्यांचा एक ठेंगणा गार्ड सुटलेल्या चेंडूसाठी लाकडावर झोकून देत होता, आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत बाबा नि तुम्ही होतात. बाकी फार नव्हते.

मध्यंतराच्या आधी बाबांनी पेन्सिल न मागता घेतली. लिहिलं, ‘तुमची मुलं बचाव करताना बोलत नाहीत.’ तुम्ही चष्मा सारखा केलात आणि मैदानाकडे पाहिलंत. खरंच होतं. समोरच्यांनी वाटेत आपला खेळाडू उभा करून आडोसा लावला की आपले दोघे एकाच्याच मागे धावत आणि तिसरा रिकामा उभा राहून तीन गुण टाकी. हाक कुणी कुणाला देतच नव्हतं. पंधराएक हजार धडधाकट कानांच्या लोकांना त्या गदारोळात हे कळायची सोय नव्हती. बाबा नुसती तोंडं बघत होते. तुम्ही ते वाक्य अधोरेखित करून मागच्या ओळीला दाखवलंत. मागचे गृहस्थ उठून बाबांशी हात मिळवून गेले.

शेवटी विजय पक्का झाल्यावर तो संथ, लांबवलेला ‘रॉक चॉक, जेहॉक, केयू’चा गजर सुरू झाला, तेव्हा तुम्ही शब्द तोडून तोडून लिहून दिलेत. बाबा आपल्या सुरात म्हणाले. सूर जुळला नाही, पण तिथे कुणाचा जुळत होता!

चांगुलपणाचं आपल्याकडे फार मोठं प्रस्थ करतात, सत्कार, शाली, नारळ. तुमच्यापाशी तसलं काही नव्हतं. तुम्ही बाबांवर दया केली असती तर त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं आणि ते पुन्हा हात बांधून बसले असते. तुम्हाला त्यांचं मत ऐकायचं होतं, कारण तुम्हाला बास्केटबॉल आवडतो. मला वाटतं माणसाशी नीट वागायला बहुतेक वेळा इतकं कुतूहल पुरतं.

बाजूच्या इमारतीत बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांचे 1891 चे मूळ तेरा नियम काचेआड ठेवलेत ते आम्ही सामन्याआधी पाहिले होते. दोन कागद, टंकलिखित. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच टाकायचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. त्यानंतर बाबांना नियमांचं वेडच लागलंय, सध्याचं नियमपुस्तक मी त्यांना छापून दिलं आहे. त्यावरून एक गोष्ट तुम्हाला कळवायला सांगितली आहे. उत्तरार्धात तुमच्या चार नंबरवर आक्रमकाचा फाउल दिला गेला आणि तुम्हीही वहीत ‘बरोबर’ असं लिहिलंत. बाबांचं म्हणणं, 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे आक्रमकाने उडी मारायला पाय रोवण्याआधीच बचाव करणाऱ्याने जागा धरलेली हवी. तो पोरगा नंतर पोचला. म्हणजे तो फाउल बचाव करणाऱ्याचा. पंचही चुकले आणि तुम्हीही. वहीत दुरुस्ती करावी, आणि पटत नसेल तर कारणासह लेखी कळवावं, ते मार्चपर्यंत इथे आहेत.

आपली,
त्यांची मुलगी