ती खिडकीत बसायची

प्रिय सुधीर,

माझ्या कथेवरून तुला लघुपट करायचाय, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘गोष्ट म्हणजे पाणी, माध्यम म्हणजे भांडं’ हे तुझं वाक्य मला पटलं नाही. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालतोय.

कथेचं पहिलंच वाक्य घे. ‘ती रोज संध्याकाळी खिडकीत बसायची.’ हे ‘बसायची’ तू चित्रित कसं करणार? कॅमेऱ्याला ‘बसली’ एवढंच दाखवता येतं: एकच संध्याकाळ, त्या दिवशीचा उजेड, त्या दिवशीचे कपडे. रीतिभूतकाळ त्याच्याकडे नाहीच. चार संध्याकाळी एकापुढे एक जोडल्यास, तर प्रेक्षक ‘रोज’ असं समजून घेईल. पण त्या चारही वेगवेगळ्या दिसतील. आणि माझ्या क्रियापदात तर सगळ्या संध्याकाळी एकमेकींत मिसळून गेल्यात, तेच तिचं दुःख आहे. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये कथनातल्या काळाची मांडणी केली, तेव्हा क्रम आणि अवधी यांच्या जोडीला वारंवारताही घेतली. अनेकदा घडलेलं एकदाच सांगणं ही त्याला स्वतंत्र विचार करण्याजोगी गोष्ट वाटली. मराठीत आपण ती एका प्रत्ययात उरकतो!

तुझं पाणी आणि भांडं अगदीच चूक म्हणत नाही मी. साहित्याची घडण अभ्यासणाऱ्या रशियन रूपवादी समीक्षकांनीही घटना जशा घडल्या तो क्रम आणि त्यांची कथेतली मांडणी वेगळी काढली होतीच. पण ‘तीच गोष्ट’ म्हणजे काय, इथे माझं घोडं अडतं. १९३०च्या दशकात मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी युगोस्लाव्हियात फिरून निरक्षर गायकांची वीरगीतं ध्वनिमुद्रित केली. ठरलेल्या शब्दसमूहांच्या आधारावर हे गायक गाता गाताच ओळी रचत. गाणं शब्दन् शब्द तेच आहे, असं गायक मनापासून सांगे आणि ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली की ओळी वेगळ्या निघत. तो खोटं बोलत नव्हता. ‘शब्दन् शब्द’ ही आपली कल्पना लिहिलेल्या कागदातून आलीय, त्याच्याकडे तो कागदच नव्हता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या माध्यमाचा मला हेवाही वाटतो. वडील पत्र वाचतात आणि ती मागे उभी असते, तो प्रसंग मी सात वेळा लिहिला. आधी वडिलांचा चेहरा लिहिला की ती दुय्यम होते, आधी तिचा लिहिला की वडील आरोपी वाटू लागतात. चित्रात वस्तू शेजारी शेजारी असतात, काव्यात एकामागून एक येतात, असं लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ मध्येच म्हणून ठेवलंय. तुझ्या चौकटीत दोघं एकदम दिसतील. तो प्रसंग तू माझ्यापेक्षा चांगला करशील, याची मला खात्री आहे.

पहिलं वाक्य मात्र सोडून दे. सुरुवातीला ती नकोच. रिकामी खिडकी दाखव आणि कोपर टेकून टेकून जिथला रंग उडालाय ती कठड्यावरची जागा. जमल्यास बराच वेळ दाखव.

पहिली दोन दृश्यं लिहून झाली की पाठव.

तुझा,
विनायक